ताबा दिलेलं घर

खोटं तुम्ही बोललात, साहेब. परतूरचं ते घर रिकामं आहे, असं तुम्ही बँकेचा शिक्का मारून लिहून दिलंत. राजानंदनं त्या शिक्क्यावर भरवसा ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा. आता पुढचं ऐकून घ्या.

राजानंद शाळेत विज्ञान शिकवायचा. लिलावातलं घर स्वस्तात घ्यायचं, रंग मारून भाड्यानं द्यायचं, भाव आला की विकून टाकायचं, हे मोबाइलवर बघून बघून त्याच्या डोक्यात बसलं. कर्ज तुम्हीच दिलंत. तारण काय, तर तीर्थपुरीचं राहतं घर.

"हे गेलं तर पोरीला घेऊन कुठं जायचं?" बायको, भावना, म्हणाली.

"भाड्यातूनच हप्ता निघतो गं. बिलकुल घोर करू नको."

घर स्टेशनच्या अलीकडे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, शेजाऱ्यांची आणि यांची मिळून एक उंच भिंत. रंगकाम उरकलं, किल्ली राजानंदच्या खिशात. एका रविवारी तो भाड्याची पाटी लावायला गेला, तर शेजारच्या कौसल्याबाई फाटकात आल्या.

"सर, भाडेकरू तुमचे मोठे रीतीचे हायेत. काल भिंतीवरून येसराची आमटी दिल्ती. वाटी रिकामी न्हाई आली. साखर घालून दिली."

"बाई, भाडेकरू अजून कुठायत? पाटी आत्ता लावून राह्यलो."

"मंग साखर काय मांजरानं घातली?"

कुणीतरी घुसलंय, असं राजानंदला वाटलं. कुलूप शाबूत होतं. आत नव्या रंगाचा वास कोंडला होता. फरशीवर पुट्टी घासल्याचा पांढरा भुगा तसाच पसरलेला. त्यावर पाऊल एकही नाही. स्वयंपाकघरात गॅस नाही, भांडं नाही. सहज त्यानं ओट्यावर हात ठेवला.

ओटा गरम होता.

बाहेर येऊन त्यानं विचारलं, "वाटी दिली कुणी?"

"हातच दिसला. मला तर बेबीनंदाचाच वाटला." बेबीनंदा म्हणजे जिच्या नवऱ्याचं हे घर तुम्ही लिलावात काढलंत, ती.

"वारली का ती?"

कौसल्याबाई भडकल्या. "शुभ बोला की वं सर! चांगली जालन्यात हाये. धुणीभांडी करून पोट भरते. परवाच बाजारात भेटल्ती."

राजानंदच्या घरात तीन पिढ्या अंगारा-धुपारा शिरला नव्हता. त्यानं कुलूप बदललं आणि विषय सोडला. अंगद आणि शालू हे नवं जोडपं भाड्यानं आलं. आठवडाही टिकलं नाही. किल्ली परत देताना अंगद खाली बघत होता. बोलली ती शालूच.

"घर चांगलं हाये भाऊ. त्रास कायबी न्हाई. पण सकाळी उठावं तर कुणीतरी आधीच सडा टाकलेला. दुसरीच्या संसारात आपण कसं राहावं?"

गावात बोभाटा झाला. भाडेकरू फिरकेना, गिऱ्हाईक येईना. राजानंद तुमच्याकडे आला, आठवतं? त्या घराला कुलूप लावताना आत बघितलं होतं का, एवढंच विचारत होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ताबा सही करून घेतलाय ना सर? मंग तुमचं तुम्ही बघा."

पगारातून हप्ता भागेना. मग तुमची माणसं तीर्थपुरीला आली. भावना सिलिंडर आणि पांघरुणं घेऊन रस्त्यावर उभी, पोरगी साक्षी तिच्या पदराला धरून. तुमच्या माणसानं उंबऱ्यातूनच दार ओढलं, कुलूप घातलं, सील लावलं. गाडी चालूच होती.

जायला एकच जागा होती. परतूरचं घर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं तिथं जेवायला बसली. फोन वाजला. तीर्थपुरीची शेजारीण, चांगुणाआत्या.

"राजा, परत कधी आलात रे? सील तर तसंच दिसून राह्यलं."

"आम्ही परतूरलाच आहोत, आत्या."

"मंग भावना आतून हाका मारून राह्यली ती? 'साक्षे, जेवायला ये.' किती वेळची. पोरीला पाठव ना, बापा."

राजानंदनं फोन कानाला घट्ट दाबला. भावना समोर बसून भात वाढत होती.

साक्षीनं ताट सरकवलं. दाराकडे बघितलं.

"आले गं आई," म्हणाली, आणि चपला घालू लागली.

आता रोज त्याच वेळेला ती उठते. भावना तिला कवटाळून बसते, तर पोरगी तिच्या तोंडाकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघते.

कागद नको, साहेब. शिक्का नको. कुलूप तुमचं, सील तुमचं. सांगा, तीर्थपुरीच्या त्या घरात कोण आहे?