भीतीचं शून्य

वातगती मोटर्सच्या प्रयोगशाळेत गिअर जुळवण्याच्या कामाला 'सोयरीक' म्हणत. हा शब्द पहिल्यांदा कुणी वापरला ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं, पण तो चपखल होता. इंजिन ही एक बाजू, रस्ता ही दुसरी. दोघांचे स्वभाव जुळता जुळत नाहीत, आणि गिअरपेटी बिचारी मध्यस्थासारखी दोन्हीकडची बोलणी खात बसते. इंजिन बेताचं असलं तर मध्यस्थाचं निभून जातं. वातगतीच्या नव्या गाडीचं हायड्रोजन इंजिन मात्र हजार अश्वशक्तीचं होतं, आणि ही गाडी शर्यतीच्या मैदानावर नव्हे, तर खड्डे, गतिरोधक आणि उलट्या बाजूने येणारे दुचाकीस्वार असलेल्या रस्त्यावर चालायची होती. हजार घोडे दारात बांधून माणूस जाणार कुठे, तर कोथिंबीर आणायला. पण हौसेला मोल नसतं.

ही सोयरीक शर्वरी बेलसरेने जमवली होती. सुरुवातीला तिने सगळे नेहमीचे उपाय करून पाहिले. खालच्या गिअरचं गुणोत्तर मोठं ठेवलं की चाकावरचा जोर इतका वाढे, की टायर जागच्या जागी फिरून धूर काढत. गुणोत्तर लहान ठेवलं की तीच गाडी सिग्नलवरून म्हशीसारखी उठे. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने शरीरक्रियातज्ज्ञ रुखसाना इनामदारला विचारलं होतं, की रस्त्यावर पुढच्या क्षणी काय होणार हे गाडीत सगळ्यात आधी कुणाला कळतं. रुखसाना म्हणाली, चालवणाऱ्याच्या तळहाताला. डोक्याला कळायच्या आधी हात ओलसर होतात, नाडी वाढते, बोटं घट्ट होतात. शर्वरीने डबा तसाच बंद केला आणि उठली. इतकी वर्षं आपण दोनच बाजूंची सोयरीक जमवत होतो, तिसरा माणूस मांडवात उभाच होता, असं ती नंतर सगळ्यांना सांगत असे.

त्यातून 'भयानुसारी पेटी' तयार झाली. स्टिअरिंगच्या कातड्याखाली बसवलेला भयमापी चालवणाऱ्याची भीती शून्य ते शंभर या मापात मोजायचा. भीती वाढली की पेटी आपणहून वरचा गिअर टाकायची आणि पाय कितीही दाबलेला असला तरी चाकावरचा जोर उतरायचा. माणूस निर्धास्त असला, तर पेटी खालच्या गिअरमध्ये येऊन हजारच्या हजार अश्वशक्ती मोकळी करायची. भीती हाच ब्रेक, अशी जाहिरातही लिहून झाली होती.

त्या पेटीच्या चाचण्या निनादने घेतल्या. निनाद बेलसरे हा वातगतीचा सगळ्यात जुना चाचणीचालक आणि शर्वरीचा नवरा. चाकणच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी कंपनीचा चाचणीमार्ग होता. त्याच्या उत्तरेकडच्या वळणावर, भर सकाळी, गाडी ऐन वळणात खालच्या गिअरमध्ये आली, मागची चाकं सुटली आणि गाडी भिंतीवर गेली. निनाद जागीच गेला.

शर्वरी रडली नाही. स्मशानातून परत आल्यावर ती ओट्याशी उभी राहून लसूण सोलत राहिली, कारण लसूण सोलायचा राहिला होता. तेराव्याला कोण आलं आणि कोण नाही, हे तिला आठवत नव्हतं. लोक म्हणाले, धीराची आहे. तिला धीरही वाटत नव्हता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो पण आपला नसतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. ती रोज वेळेवर कामावर येई, वेळेवर घरी जाई, आणि मधल्या वेळात चहा निवून जाई.

एकच गोष्ट तिला हवी होती. निनाद कशाने गेला, आपल्या पेटीने की त्याच्या स्वतःच्या हाताने, हे तिला कळायला हवं होतं. चौकशीचं उत्तर तयार होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख हेरवाडकर सर सभ्य गृहस्थ होते, त्यांनी ते तिला केबिनमध्ये बोलावून, पाण्याचा ग्लास पुढे सरकवून सांगितलं. वळणात शिरताना भयमापीवर निनादची भीती तीन होती. शंभरपैकी तीन. पाय पूर्ण दाबलेला होता. म्हणजे पेटीने तिला शिकवलं होतं तेच केलं. चूक असलीच तर अतिआत्मविश्वासाची. नाडी मंदावणारी एखादी गोळी त्याने घेतली असेल का, तेही रुखसानाने तपासलं होतं. रक्तात काही सापडलं नव्हतं. बाकीच्या चालकांमध्ये तर बेलसरे मस्तीत गेला, असं उघड बोललं जात होतं. दसऱ्याला गाडी बाजारात यायची होती.

शर्वरीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की दुसरी गाडी मी चालवून बघते.

हेरवाडकरांनी अनेक कारणं काढली. ती चालक नव्हती, तिची मनःस्थिती ठीक नव्हती, लोक काय म्हणतील. त्यावर तिने एवढंच विचारलं, की दुसरं कुणी बसायला तयार आहे का. कुणीच तयार नव्हतं. शेवटी उत्तरेचं वळण बंद ठेवून फक्त सरळ पट्ट्यावर गाडी न्यायची, असं ठरलं. रुखसानाने एक अट घातली. तिने छातीला बांधायचा दवाखान्यातला साधा पट्टा आणला आणि शर्वरीच्या कुडत्याखाली स्वतःच्या हाताने बांधला. त्याचा गाडीशी काही संबंध नव्हता. तू नीट जेवत नाहीस, मला तुझे ठोके दिसले पाहिजेत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

शर्वरी गाडीत बसली. स्टिअरिंगवर हात ठेवले. नेहमीप्रमाणे बारीक शीळ वाजली आणि समोरच्या पाटीवर भीतीचा आकडा उमटला. शून्य. तिला त्यात नवल वाटलं नाही. घाबरायला आता तिच्यापाशी काही उरलं नव्हतं.

तिने पाय दाबला. गाडीने दोन गिअर टाकले, मग पेटीने तिच्या हातांचा अंदाज घेतला आणि ती धाडकन खालच्या गिअरमध्ये आली. हजार अश्वशक्ती एकदम सुटली. सीटने पाठीत रट्टा घातला, मागची चाकं डावीकडे वळवळली, कडेचे खांब एकमेकांत मिसळले. शर्वरी हे सगळं दुसऱ्या कुणाचं चाललेलं काम बघावं तसं बघत होती. आकडा दोनवर गेला, पुन्हा एकवर आला. पेटीच्या मते ती देवळाच्या पायरीवर बसली होती. सरळ पट्टा संपत आला होता आणि पुढे ते वळण होतं.

कानातल्या यंत्रातून रुखसानाचा आवाज आला. तो अजिबात चढलेला नव्हता, म्हणूनच शर्वरीने ऐकला.

"शर्वरी, पाय काढ. तुझे ठोके एकशे अडतीस आहेत."

तिने पाय काढला. गाडी थांबेपर्यंत बराच वेळ गेला. रुखसाना धावतच आली, दार उघडून तिने शर्वरीची नाडी हाताने पाहिली आणि तळहात उलटा केला. तळहात ओलाचिंब होता. शर्वरी म्हणाली, वेग खूप होता, ठोके वाढणारच.

"वेगाने नाही वाढले," रुखसाना म्हणाली. "तू बसायच्या आधीपासून तेवढेच आहेत. मी पट्टा बांधला तेव्हापासून."

शर्वरीने पाटीकडे पाहिलं. तिथे अजून एकचा आकडा होता. ती पाटीकडे बघत राहिली, आणि मग तिला स्वतःनेच बसवलेली एक गोष्ट आठवली. तिने ती रुखसानाला सांगितली, हळूहळू, एखाद्या नव्या मुलाला समजावावी तशी.

माणसामाणसाचे हात वेगळे असतात. कुणाचे मुळातच ओलसर, कुणाची नाडी मुळातच जलद. म्हणून पेटी रोज गाडी सुरू होताना शून्य घेई. वाणी तेल मोजताना आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो आणि त्याचं वजन वजा करतो, तसंच. हात स्टिअरिंगवर पडले की त्या क्षणी जे काही असेल ते डबा समजायचं, आणि त्यापुढे चढेल तेवढीच भीती. शीळ वाजते ती त्याचीच. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणालाच वावगं दिसलं नव्हतं. माणूस सकाळी घरून चहा घेऊन कामावर येतो तेव्हा तो घाबरलेला नसतो, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"आणि डबाच भरलेला असला तर?" रुखसाना म्हणाली.

त्या दोघी तशाच प्रयोगशाळेत गेल्या. अपघातातली पेटी तिथे टेबलावर होती, कवच चेपलेलं, आतली यंत्रणा शाबूत. चौकशीत त्या पेटीतून भीतीचे आकडे काढले होते. वजा केलेलं शून्य किती होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. डब्याचं वजन कोण विचारतो? हेरवाडकरही येऊन उभे राहिले. शर्वरीने वीज जोडली.

साध्या माणसाचं शून्य पंधरा-वीसच्या आसपास येई. दुसऱ्या गाडीच्या पेटीत आता शर्वरीचं आलं होतं ब्याऐंशी. त्या दिवशी सकाळी निनादचं होतं ब्याण्णव. वर चढायला जागाच नव्हती. वळणात शिरताना तो पंच्याण्णवपर्यंत पोहोचला असणार, आणि पेटीने ब्याण्णव वजा करून पाहिलं असणार. म्हणून तीन. म्हणून निर्धास्त. शर्वरीने आधीच्या सकाळी एकेक करून पाहिल्या. त्या दिवशीच काही झालं होतं असं नव्हतं. अगदी पहिल्या चाचणीपासून तो तसाच येत होता. वातगतीतला सगळ्यात धीट माणूस सगळ्यात भ्यालेला होता, रोज, गाडीला हात लावायच्या आधीपासून. समोर बसून पोहे खाताना, शेजारच्यांच्या कुत्र्याची नक्कल करताना, तिला हेल्मेट आणून दे म्हणताना.

हेरवाडकरांनी चष्मा काढून पुसला. निनादबद्दल आपण जे लिहिलं ते मागे घेऊ, असं ते म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. शर्वरीला जे हवं होतं ते मिळालं होतं. तो मस्तीत गेला नव्हता. तिच्या पेटीने त्याला मारलं होतं. आता काहीतरी वाटेल म्हणून ती थांबली, पण काहीच वाटलं नाही. आपण निर्दय झालोय की काय, एवढा एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

हेरवाडकर मात्र जातीचे इंजिनिअर होते. पाच मिनिटांत ते दुरुस्तीपाशी पोहोचले. शून्य गाडीत घ्यायचंच नाही, घरी घ्यायचं. गिऱ्हाइकाच्या मनगटाला एक कडं द्यायचं आणि झोपेत मोजायचं. झोपेत माणूस कशाला घाबरेल? दसरा तसा हातातून गेला नव्हता. रुखसानालाही हे पटलं. शरीरशास्त्राप्रमाणे झोप हेच त्यातल्या त्यात खरं शून्य, असं ती म्हणाली.

"निनाद झोपेत मुठी आवळायचा," शर्वरी म्हणाली. दोघंही तिच्याकडे बघायला लागले. "लग्न झालं तेव्हापासून. मी गंमत म्हणून एकेक बोट सोडवायचे. तो जागा व्हायचा नाही, पण बोटं परत मिटायची. मला वाटायचं, सवय आहे."

मग हेरवाडकरांनी विचारलं, "मग शून्य घ्यायचं तरी कुठून?"

भीती अंगवळणी पडलेल्या माणसाला भीती वाटत नाही, आणि त्याला विचारावं तर तो खरं तेच सांगतो, मी ठीक आहे. अशा माणसासाठी पेटी कशी जुळवायची? ती उठली, पेटीची वीज काढली आणि ही सोयरीक मोडली म्हणून समजा, असं हेरवाडकरांना सांगितलं.

रुखसानाने तिला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि कप तिच्यापुढे धरला. शर्वरीने हात पुढे केला, पण तिला तो कप घेता येईना. तिने खाली पाहिलं. तिच्या दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या होत्या, नखं तळव्यात रुतली होती. कधीपासून, ते तिला सांगता येईना. रुखसानाने कप खाली ठेवला आणि तिचं पहिलं बोट सोडवायला घेतलं.