हिरवा दिवा

कौमुदी दारात उभी राहिली आणि डॉक्टर आजगावकरांच्या टेबलावरचा भयमापी बोंबलायला लागला. डॉक्टरांनी घाईघाईनं तो बंद केला.

"बघा मॅडम, इथं कसा वाजतोय!" कौमुदी म्हणाली. "मग आमच्या घरी का मुका? काल नवऱ्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं. दिवा आपला हिरवाच!"

घाबरलेल्या माणसाच्या घामातली काही सूक्ष्म द्रव्यं हवेत मिसळतात. ती हुंगणारं हे यंत्र आता इचलकरंजीत घरोघरी होतं. एरवी त्यावरचा दिवा हिरवा असायचा; भीती वाढली की ते वाजायचं आणि मदतपथक दारात हजर व्हायचं. बाईला तोंड उघडून तक्रारसुद्धा करायला नको, केवढी सोय! लोकांनी नारळ फोडून ते भिंतीवर बसवलं होतं.

"प्रत्येक घराची हवा वेगळी," डॉक्टर सांगू लागल्या. "म्हणून पहिला महिना यंत्र नुसतं हुंगतं आणि घरातली नेहमीची हवा शिकून घेतं. त्या महिन्यात मारलं होतं त्यांनी?"

"छे हो, बोटसुद्धा लावलं नाही. म्हणून तर जास्तच भीती वाटायची. आज नाही, मग उद्या किती मारतील?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तिची ती भीतीच यंत्रानं त्या घराची साधी हवा म्हणून शिकून घेतली होती.

"मग पुन्हा शिकवा की त्याला!"

"शिकवू. पण आधी तुमच्या अंगातली भीती उतरायला हवी. महिनाभर दुसरीकडे राहा."

"कुठं? बहिणीकडे गेले, तर पाऊल टाकताच तिचं यंत्र वाजलं. पथकानं गरीब दाजींना उचलून नेलं. भावानं तर दारातूनच हात जोडले. आधारगृहात जागा नाही." कौमुदी खुर्चीत पुढं सरकली. "तुमच्याकडे येऊ का मॅडम? पडेल ते काम करीन."

'या' हा शब्द डॉक्टरांच्या ओठांवर आला होता. पण घरी हृदयविकार असलेले वडील होते. यंत्र वाजलं, की घरातल्या पुरुषाला आधी ताब्यात घ्यायचं, हा नियम डॉक्टरांनीच सुचवला होता. त्यांनी तो शब्द गिळला. स्वतःची लाज वाटली, तरी त्या टेबलावरचे कागद आवरू लागल्या.

"असू द्या," कौमुदी उठली.

संध्याकाळी ती घरी पोचली. नवरा जेवणाची वाट बघत बसला होता. ती आली तरी यंत्र वाजत नाही, असं घर साऱ्या गावात हे एकच होतं. ती उंबरा ओलांडून आत गेली. दिवा हिरवाच राहिला.