रायलीचा चौदावा कप

चंद्रावर चहा ओतणं म्हणजे खायचं काम नाही. तिथली ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश. मनगटाला जरा हिसका बसला की चहा कप ओलांडतो आणि पाहुण्याच्या मांडीवर सावकाश उतरतो. 'शुक्लपक्ष' हॉटेलच्या प्रशिक्षणदालनात रायली पावराने सकाळपासून असे तेरा कप चुकवले होते. तिच्या शिक्षिका शाल्मली केरकर यांचा जीव टांगणीला लागला होता. मुख्यालयाचा हुकूम आठवडाभर त्यांच्या खिशात होता: नवी मुलगी शनिवारपर्यंत तयार झाली नाही, तर परतीच्या यानात बसवा. आज शनिवार होता.

भिंतीवर मात्र हॉटेलची नोकरभरतीची जाहिरात झळकत होती, 'इथे माणूस अर्ध्यावर सोडला जात नाही.' या एका वाक्यावर पृथ्वीवरून हजारो अर्ज येत.

"कौशल्यदुवा बिघडलाय का हो, डॉक्टर?" शाल्मलीबाईंनी विचारलं. दोघींच्या कपाळांवरच्या पट्ट्या शिक्षिकेच्या हातचं कसब मुलीच्या मेंदूत उतरवत असत.

"यंत्र ठणठणीत आहे," मेंदूतज्ज्ञ डॉ. मुमताज मुकादम म्हणाल्या. "पण दुवा वाहतो तो विश्वासावर. हे हॉटेल दिला शब्द पाळेल असं वाटलं, तरच मेंदू दार उघडतो. रायलीचा विश्वासांक सत्त्याण्णव आहे."

"मग अडतंय कुठे?"

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुमचा अकरा. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

शाल्मलीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हुकूम काढून रायलीच्या हातात दिला. "वाच, पोरी. ती जाहिरात खोटी आहे. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले."

रायलीने तो शांतपणे वाचला. "ताई, मी जाहिरात बघून कुठं आले? आमच्या धडगावची वंतीआत्या तुमच्याकडं शिकून परत आली. आता तिच्या हाताखाली चाळीस बाया शिकतात. तिला बघून आले मी. ती म्हणते, केरकरताई सोडत नाहीत."

शाल्मलीबाईंच्या अंगावर काटा आला. चार लाख किलोमीटरवर, सातपुड्यातल्या एका गावात आपल्या नावाचा शब्द चालतो आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही! त्यांचे डोळे भरून आले.

"नाहीच सोडणार," त्या म्हणाल्या. "पाठवायचं तर दोघींना पाठवू देत. उचल किटली."

रायलीने किटली उचलली. धार संथपणे, न तुटता, अगदी कपाच्या मधोमध उतरू लागली. डॉक्टर पडद्यावरचा आकडा बघायचाही विसरल्या.