काठोकाठ भरलेला पियाला

खुर्ची एकच होती आणि आम्ही दोघंही तिच्याकडेच निघालो होतो.

मी खिडकीकडून, तो जिन्याकडून, दोघांच्याही हातात वॉकर. इसिक-कुल सरोवराकाठच्या त्या आरोग्यधामात आम्हा म्हाताऱ्यांना एकच काम होतं, पुन्हा चालायला शिकायचं. कोरोनात मी बावीस दिवस अतिदक्षता विभागात काढले होते, त्यातले अकरा घशात नळी घेऊन. सदुसष्टाव्या वर्षी दहा पावलांत धाप लागायची. तो आधी पोचला... आणि खुर्ची माझ्याकडे सरकवून भिंतीला टेकला.

"बसा," तो म्हणाला. "आग्रह करायला श्वास पुरणार नाही."

"मलाही नको म्हणायला पुरणार नाही," मी म्हणाले आणि बसले.

एसेनकुल त्याचं नाव. जन्मभर घोड्यांचा डॉक्टर. त्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, माझा नवरा जाऊन चौदा. रोज चारला आम्ही व्हरांड्यात चहाला बसू लागलो. आमच्याकडे चहा बाईनं ओतायचा, तोही थोडाथोडाच, म्हणजे माणूस पियाला पुन्हा पुन्हा पुढे करतो. काठोकाठ भरून दिला की समजायचं – प्या आणि निघा. मी त्याला दोन घोट ओतायचे. पियाला देता-घेता बोटाला बोट लागायचं... हसायचं तर हसा, पण मी सकाळपासून चार वाजायची वाट पाहायचे.

"घोडीला धाप लागली तर काय द्यायचात हो?" एकदा मी विचारलं.

"विश्रांती. आणि शेजारी दुसरा घोडा."

मी सरोवराकडे बघत बसले. कान मात्र तापले होते.

आणि मग एके दिवशी तो स्वयंपाकघरातून स्वतः चहा घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवला. काठोकाठ. वर हसत उभा. मी उठले, खोलीत गेले आणि चार दिवस व्हरांड्याकडे फिरकले नाही. रडले का? रडले. नळी काढली तेव्हाही घसा इतका दुखला नव्हता.

पाचव्या दिवशी आम्हाला व्यायाम शिकवणाऱ्या आयझाननं मला चांगलंच झापलं. आजारानंतर एसेनकुलचे हात इतके थरथरायचे की चमचा तोंडापर्यंत जायचा नाही, म्हणाली. तीन आठवडे तो पियाल्यात पाणी घेऊन व्हरांड्यापर्यंत फेऱ्या मारत होता; आधी पाव, मग अर्धा. भरलेला पियाला न सांडता नेलात की घरी सोडू, असं तिनंच सांगितलं होतं. तो पहिला भरलेला पियाला त्यानं माझ्याकडे आणला होता. आणि आज त्याचा मुलगा त्याला नारिनला घरी न्यायला येणार होता.

मी निघाले. वॉकर खोलीतच राहिला. भिंत धरत धरत चाळीस पावलं.

तो व्हरांड्यात कोट घालून बसला होता, पायाशी बॅग.

"सांगता येत नव्हतं का तुम्हाला?" मी म्हणाले.

"थेंबही सांडला नाही, त्या आनंदात रीतच विसरलो. तुम्ही उठून गेलात तेव्हा आठवली. दाराशी आलो होतो. टकटक करायला हात उचलला... तर मेला पुन्हा थरथरायला लागला."

मी किटली ओढली. एकच घोट ओतला. तो प्यायला, पियाला पुढे केला. पुन्हा एक घोट. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा एक.

"मला तुम्हाला जाऊ द्यायचं नाहीये," मी म्हणाले. आवाज फाटकाच निघाला, नळीनंतर तो तसाच झाला होता.

मुलगा येऊन बॅग घेऊन गेला. पुरे झालं की आमच्यात पियाल्यावर तळहात ठेवतात. एसेनकुलनं ठेवला नाही. रिकामा पियाला सरळ कोटाच्या खिशात घातला.

"अहो, तो इथला आहे."

"असू दे. मी अजून पुरे म्हटलेलं नाही. तुम्हाला कधी सोडतात?"

"जिना चढता आला की."

"माझ्या घराला तीनच पायऱ्या आहेत," तो म्हणाला आणि हळूहळू निघाला.

गाडी फाटकाबाहेर वळली. मी आयझानला हाक मारली आणि म्हणाले, चल, मला जिन्यापाशी ने.