विसावी खवली

माशांवर संशोधन करणारी कामिनी सकाळी सातला पिंप्राळ्याहून स्कूटरने निघाली, तेव्हा काम साधंच होतं. डोहातून वीस मासे धरायचे, तपासणीसाठी शेपटीचा कण कापून पुडीत ठेवायचा आणि दुपारी प्रदूषण मंडळाच्या साहेबांना ते जिवंत दाखवायचे. तसं दाखवलं नाही, तर 'मृत पाणी' असा शेरा मारून जेसीबी आजच डोह बुजवणार होता. बाभळीखाली तो उभाच होता. त्याचं इंजिन गुरगुरलं तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं.

जाळं सुगंधाबाईंनी टाकलं. सत्तरीची भोईण, पाठीचा कणा मात्र काठीसारखा सरळ. वर रंगाचा कारखाना आला आणि डोह जांभळा झाला. मरळ गेली, वाम गेली, पाणी पिणारी माणसं गेली. उरली ती खवली नावाची बोटभर मासळी.

"बठ्ठा मरी ग्यात, या नई मरनात," त्या म्हणाल्या. आवाजात असा ताठा, जणू घरातली पोरं पहिली आली होती.

कामिनीलाही तोच अभिमान होता. विष ज्या दारानं पेशीत शिरतं, ते दारच या वंशानं पिढ्यान्‌पिढ्या बुजवत आणलं होतं. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात जन्मलेली त्यांची नातवंडंसुद्धा या विषात तगली होती. हे सवयीचं नव्हतं, रक्तातलं होतं. फक्त डोहातून थेट स्वच्छ पाण्यात टाकली, की खवली सुरुवातीला भाजल्यासारखी तडफडायची.

तिनं पुडीवर 'एक' लिहिलं. सुगंधाबाईंनी हात धरला.

"आकडा नको. नाव लिख."

भोयांची रीतच ती. जो मासा परत सोडायचा, त्याला पाण्यानं नेलेल्या माणसाचं नाव द्यायचं. निंबा. झिपरू. चुडामण. बाई सांगत गेल्या, ही लिहीत गेली. एकोणीस नावं झाली. विसावी खवली तिच्या तळहातावर तडफडत होती.

"आणखी कोण?"

"नई कोनी."

मासा मरेल या घाईत कामिनीनं लिहून टाकलं... कामिनी.

सुगंधाबाईंनी पुडीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "जित्ता माणूसनं नाव देतस नई, माय..."

बाराला साहेब आले. ऊन इतकं की झाडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झालेल्या. वारा नाही, पाखरू नाही, नुसता कुजक्या रंगाचा वास. काचेच्या टाकीत डोहाचं पाणी भरलं. आधी धरणातल्या पाच खवल्या सोडल्या. वीस मिनिटांत पाचही उताण्या. मग डोहातल्या वीस सोडल्या. तास झाला, तरी पोहत होत्या.

"नावं काय ठेवलीत, मॅडम? बारसं जेवायला बोलवायचं ना!" साहेबांनी हसत पुड्या उचलल्या. "निंबा..."

एक खवली काचेशी येऊन थांबली.

"झिपरू..."

दुसरी आली.

साहेबांचा आवाज उतरत गेला. एकोणीस नावं, एकोणीस तोंडं काचेला. विसावं नाव त्यांनी वाचलंच नाही. विसावी आधीच येऊन कामिनीकडे बघत होती.

साहेब झटक्यात मागे सरले, टाकी हिंदकळली. पाणी दोघांच्या हातांवर सांडलं. त्यांच्या मनगटावर बघता बघता लाल गांधी उठल्या. कामिनीनं आपला हात पाहिला. काहीच नव्हतं.

साहेबांनी सही केली. 'जिवंत पाणी.' जेसीबी वळून गेला. कामिनीचा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदा ती कशालाच दचकली नव्हती.

सुगंधाबाईंनी तिचा ओला हात कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी, मान ताठ.

"आते तू आमनी शे."

साहेबांच्या शिपायानं बिसलरीची बाटली पुढे केली. "घ्या मॅडम, किती तहानलात."

गार, स्वच्छ पाणी. तिनं मोठा घोट घेतला आणि तो घोट पेटत्या निखाऱ्यासारखा घसा भाजत खाली उतरला.