साहाय्यक या शब्दाची खूण

भर उपासनेत तो मोठ्यानं हसला, आणि तिचे हात हवेतच थांबले.

पाळकसाहेब पौलाच्या पत्रातलं वचन समजावत होते, बायकांनी मंडळीत गप्प राहावं. त्यांच्या डावीकडे, दोन पायऱ्या खाली उभी राहून ती तेच वचन खुणांच्या भाषेत सांगत होती. पुढच्या रांगेत बसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या सात जणांसाठी अकरा वर्षं ती हे काम करत आली होती. त्या दिवशी एक आठवा आला होता, करड्या सदऱ्यातला, चाळिशीच्या अलीकडचा. हसला तो तोच. आपलं हसू केवढं मोठं झालं हे त्याला कुठून कळणार? साऱ्या मंडळीनं माना वळवल्या. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

उपासना सुटली तेव्हा तो बाहेर पायरीवर थांबलेला. पाऊस भुरभुरत होता. हातात छत्री असल्यानं त्याला बोलता येईना, म्हणून त्यानं ती सरळ मिटली नि काखेत मारली.

"तुम्हाला नाही हसलो," त्याचे हात म्हणाले. "ते म्हणतात, बाईनं गप्प राहावं… आणि त्या अख्ख्या खोलीत मला ऐकू येणारं माणूस एकच. तेही बाई."

रागवायचं असं तिनं ठरवलं होतं, पण ओठांनी ऐकलं नाही. दोघं भिजत उभी राहिली.

तो मागच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. गावात येऊन दोनच महिने झाले होते, ओळखीचं कुणी नव्हतं. तिचं म्हणाल तर ती दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायची. दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांचे गाल सुजलेले. घरी वडील, ते जेवताना "हं" म्हणायचे आणि जेवून झाल्यावर टीव्ही लावायचे. खुणांची भाषा ती शिकली ऐकू न येणाऱ्या थोरल्या भावासाठी. दादा जाऊन चार वर्षं झाली, आणि घरात हात हलवून बोलावं असं कुणी उरलं नाही.

बुधवारी दवाखाना अर्धा दिवस. पहिल्या बुधवारी तिच्या चष्म्याचा स्क्रू खरोखरच ढिला झाला होता. दुसऱ्या बुधवारी तो तिनंच ढिला केला.

"मोठा नेमाचा आहे हा," तिसऱ्या बुधवारी तो म्हणाला. "बाकीचे सहा दिवस कसा राहतो?"

"कसाबसा," ती म्हणाली, आणि मग उगाच फ्रेमच्या कपाटाकडे बघत राहिली.

खुणांत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, बोट समोर करायचं. काय समजायचं ते बघणाऱ्यानं ठरवावं. आरंभी ती 'तुम्ही' समजायची. कधी 'तू' समजू लागली, तिचं तिलाच उमगलं नाही.

तो बायबल एकट्यानं वाचायचा, आणि शंका साठवून ठेवायचा. देवानं पुरुषासाठी हव्वा ही साहाय्यक केली म्हणजे कोण केली? ती म्हणाली, पूर्वी एक पाहुणे शिक्षक आले होते, त्यांनी सांगितलं की मूळ भाषेतला तो शब्द पुढे बहुतेकदा देवासाठीच येतो. स्तोत्रात डोंगरांकडे डोळे लावणाऱ्याला देवाकडून जे साहाय्य मिळतं, तेच.

त्यानं घासत असलेली काच खाली ठेवली.

"मग तू ही खूण का करतेस?" त्यानं तिचीच खूण करून दाखवली. मान खाली, दोन्ही हातांनी कुणाला तरी काहीतरी आणून देणं. "ही तर मोलकरीण झाली."

पाळकसाहेबांचं सोडा, अकरा वर्षं ती स्वतःच्या हातांनी हव्वेला वाकवत आली होती.

महिन्याभरानं उपासनेत हव्वेचा तो अध्याय आला. या वेळी तिनं वाकवलं नाही. चढण चढणाऱ्याच्या दंडाखाली भक्कम हात द्यावा, तशी खूण तिनं केली. स्तोत्रात देवासाठी ती हीच खूण करायची. पुढच्या रांगेतली म्हातारी शिवणकामवाली पुढे झुकली. तिनं ती खूण स्वतःच्या मांडीवर एकदा, मग पुन्हा एकदा करून बघितली.

बातमी पाळकसाहेबांच्या कानावर गेलीच. माणूस वाईट नव्हता; दादाच्या शेवटच्या आजारात रात्ररात्र उशाशी बसलेला. त्यांनी तिला चहा दिला आणि समजावलं की निरोप्यानं निरोप पोचवावा, त्यात आपलं मीठ घालू नये. शिवाय ती पुढे उभी राहते, लोक तिच्याकडे बघून शिकतात, म्हणजे ते शिकवणंच झालं, असं मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांचं म्हणणं पडलं होतं. पुढच्या रविवारपासून त्यांच्यातल्या एकाचा जावई हे काम बघणार होता.

"गप्प राहा म्हणणाऱ्या त्याच पत्रात," ती हळू म्हणाली, "तीन अध्याय आधी बायका मंडळीत प्रार्थना करतात, पाळकसाहेब. मोठ्यानं."

"मला ठाऊक आहे, बाळ," ते म्हणाले, आणि कपातल्या चहाकडे बघत राहिले.

त्या रविवारी ती घरीच राहिली. दहा वाजले आणि मांडीवरचे हात अस्वस्थ झाले. वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

बुधवारी ती दुकानात गेली. स्क्रूचं निमित्त नव्हतं. तो म्हणाला की जावईबुवा रेल्वेचं वेळापत्रक वाचल्यासारखे हात हलवतात. शिवणकामवाली तर डोळे मिटून बसली होती; आपण कान झाकतो तसं.

ती सांगू लागली. पाळकसाहेब काय म्हणाले, वडीलजन काय म्हणाले, पौलाला काय म्हणायचं असावं… हात भराभर चालत होते. त्यानं तिचं मनगट अलगद धरलं. पहिल्यांदाच.

"हे सगळं दुसऱ्यांचं," तो म्हणाला. "तू काय म्हणतेस?"

तिचे हात मांडीवर पडले. दादा गेल्यापासून या भाषेत तिनं इतरांचंच बोलणं पोचवलं होतं. स्वतःच्या मनातलं एक वाक्यही नाही. बाहेर संध्याकाळ उतरत होती. दुकानातल्या फ्रेमा एकेक करून दिसेनाशा होत होत्या. तो वाट बघत राहिला.

"मला फार एकटं वाटतं," शेवटी तिचे हात म्हणाले. थांबले. मग पुन्हा उचलले गेले— "बुधवार सोडून."

पुढेही काहीतरी होतं, पण अंधारात बोटं नीट दिसत नव्हती. तो उठला. त्यानं काचा तपासायचा दिवा लावला आणि त्याची मान वळवून सगळा उजेड तिच्या हातांवर आणला.

"आता दिसतंय," तो म्हणाला. "बोल."