डावी बाजू वर

भांडायला जाताना कुणी केस विंचरून जातं का? दातांची डॉक्टर गेली. दवाखान्यातला पांढरा कोट खुंटीला अडकवला, आरशात एकदा... छे, चांगलं दोनदा बघितलं, आणि तरातरा गॅरेजमध्ये शिरली.

"मिस्त्री! बाहेर या आधी!"

तो एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. गालावर ग्रीस, आणि वर हसतोय! तिच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला.

"हसताय काय? माझी गाडी वाकडी उभी राहते. मागची डावी बाजू बोटभर वर आहे!"

गाडी बाबांची. जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार. बाबांनी ती विकायला काढली तेव्हा हिने रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा म्हणाले, "सरळ उभी करून दाखव, गाडी तुझी. नाहीतर देऊन टाकीन." आणि गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार होतं.

नवे शॉक अॅब्सॉर्बर तिनेच निवडले होते. पण शॉक नुसती उसळी आवरतात. मागची उंची ठरते टॉर्शन बारवर, म्हणजे भार आला की पिळल्या जाणाऱ्या दोन पोलादी दांड्यांवर. दांड्याच्या टोकाला दाते असतात. एक दाता सरकवून बसवला की गाडी वर नाहीतर खाली.

त्या दात्यांपायी किती फेऱ्या झाल्या! ती चालवायची. तो शेजारी बसून मागचे आवाज ऐकायचा... निदान तसं म्हणायचा. वळणावर खांद्याला खांदा लागला, की दोघंही एकदम शॉकबद्दल बोलायला लागायची.

"तुमचा एखादा दाता चुकलाय," ती म्हणाली.

"नाही चुकला."

"दातांचं मला शिकवू नका!"

सीटमागच्या फळीवर त्याने लेव्हल, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची नळी, आडवी ठेवली. "बसा आत."

ती फणकाऱ्याने स्टिअरिंगमागे बसली. नळीतला बुडबुडा पार डावीकडे!

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

मग तो तिच्या शेजारी येऊन बसला. बुडबुडा हळूच सरकला आणि मधोमध थांबला. दोघंही मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. फार जवळून.

"उंची लावताना सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवतो आम्ही," तो चाचरत म्हणाला. "माणसांच्या वजनाच्या. एक तुमच्या... एक माझ्या."

"माझं वजन कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अंदाजाने..."

"अंदाजाने! आणि तुमची पिशवी कशाला?"

"रोज दोघंच जायचो ना. तुम्ही एकट्या चालवाल, हे डोक्यातच आलं नाही." त्याचे कान लाल झाले होते. "चुकलंच माझं. आत्ता सगळं सोडवून परत बसवतो."

"म्हणजे जन्मभर माझ्या शेजारी कोण बसणार, हे तुम्ही परस्पर ठरवलंत? मला विचारायची काही रीत?"

"जन्मभर... असं मी नव्हतो म्हणालो."

अगंबाई! आता कान लाल व्हायची पाळी तिची होती. पण माघार घेईल ती ती कसली?

"मग म्हणा की! विचारा!"

त्याने विचारलं. इतक्या हळू, की तिला कान जवळ न्यावा लागला. आणि "हो" म्हणतानासुद्धा ती चिडलेलीच होती. एवढे दिवस लावतं का कुणी?

संध्याकाळी गाडी दारात थांबली. बाबा भुवया चढवून मागे जाऊन उभे राहिले, वाकून वाकून बघितलं.

"आहे बुवा सरळ," ते नाइलाजाने म्हणाले.

तेवढ्यात दोघं खाली उतरली. डावी बाजू बोटभर वर आली.

"हे काय? आणि हा कोण?"

"हा उतरला की गाडी वाकडी होते, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी गाडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग लेकीकडे. आणि एकदम भडकले.

"मग उतरू कशाला दिलंस त्याला?"